फळबागेची कीर्द-खतावणी



पाचोडच्या पेठेत किराणा दुकानदाराला विचारा, 'गेल्या दिवाळीला तुम्ही किती साखर विकली?' तो वही उघडून दोन मिनिटांत सांगेल. आता मोसंबीच्या बागाईतदाराला विचारा, 'तुमच्या बागेतली सगळ्यांत जास्त फळ देणारी दहा झाडे कोणती?' तो क्षणभर थांबेल आणि हात लांब करून म्हणेल, 'ती तिकडची, विहिरीकडची बरी धरतात.' दुकानदाराचा माल महिन्या-दोन महिन्यांत विकून जातो, तरी त्याची नोंद असते. मोसंबीचे झाड वीस-वीस वर्षे आपल्या जमिनीवर उभे असते, आणि त्याची नोंद मात्र कुठेच नसते. आहे की नाही ही उलटी गोष्ट?

पहिली बाग लावली तेव्हा नोंदीची गरज भासत नाही, हे खरे. शंभर झाडे असतात, सगळी एका दिवशी लावलेली, एका रोपवाटिकेतली. पण बाग वाढत जाते. दोन वर्षांनी पलीकडच्या तुकड्यात आणखी दीडशे झाडे लागतात. मेलेल्या झाडांच्या जागी नांग्या भरल्या जातात, त्या दुसऱ्याच ठिकाणच्या रोपांनी. धुऱ्यावर केशर आंबा येतो, मुरमाड कोपऱ्यात सीताफळ येते, कुणी पाहुणा डाळिंबाची चार रोपे आणून देतो. अठरा फूट बाय अठरा फुटांवर लावली तर एका एकरात सुमारे १३४ झाडे बसतात. तीन एकर झाले की चारशे झाडे. चारशे माणसांच्या गावात प्रत्येकाचे नाव-गाव आपण लक्षात ठेवू. पण माणसे बोलतात, झाडे बोलत नाहीत. त्यांच्या वतीने कागदालाच बोलावे लागते.

कशाला हव्यात या उठाठेवी, असे कुणी म्हणेल. म्हणून नफ्यातोट्याचे तीन दाखले आधी पाहू, मग रीत पाहू.

पहिला दाखला पाण्याचा. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना आणि औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर, या दोन्ही जिल्ह्यांत मोसंबीच्या बागाच्या बागा वाळून गेल्या. नाथसागर पैठण तालुक्यातच आहे, पण त्याचे पाणी काही प्रत्येक शिवारात पोचत नाही. लोकांनी टँकर विकत घेऊन झाडांच्या आळ्यांत पाणी ओतले. समजा, तुमची चारशे झाडे आहेत आणि पाणी आहे दीडशे झाडांपुरते. ते सगळ्यांना थोडेथोडे वाटले तर चारशेही जाण्याची भीती. तेव्हा दीडशे निवडावी लागतात. कोणती निवडाल? जवळची? हिरवी दिसणारी? ज्याच्याजवळ तीन वर्षांची नोंद आहे तो सांगेल की, तिसऱ्या ओळीतली झाडे दिसायला हिरवीगार, पण फळाला कंजूस. आणि नवव्या ओळीतली अंगाने लहान असूनही दरसाल भरून येतात. ज्याच्याजवळ नोंद नाही तो अंदाजाने पाणी घालतो, आणि चूक झाली हे कळायला पुढे पाच वर्षे जातात.

दुसरा दाखला बाजाराचा. पाचोडचा मोसंबी बाजार दूरवर नावाजलेला आहे. पण बरीच मंडळी बाग झाडावरच उक्ती देऊन टाकतात. व्यापारी बागेतून एक फेरी मारतो आणि म्हणतो, 'अठरा टन माल आहे.' तुम्ही काय म्हणणार? आता हिशेब करून पाहू. समजा, फळे देणारी झाडे ३०० आहेत. निरनिराळ्या ओळींतली, काही चांगली व काही हलकी अशी दहा झाडे घेऊन फळे मोजली. सरासरी झाडामागे ४०० निघाली. किलोला पाच फळे बसतात असे धरले तर झाडामागे ८० किलो, म्हणजे एकंदर २४ टन. गळीसाठी दहावा हिस्सा सोडा. राहिले साडेएकवीस टनांच्या वर. भाव टनाला वीस हजार धरला, तर व्यापाऱ्याच्या अंदाजात आणि तुमच्या मोजणीत सत्तर हजार रुपयांच्या वर अंतर पडते. व्यापारी लबाडच असतो असे नव्हे. तो रोज बागा पाहतो, त्याची नजर तयार झालेली असते. आणि तुमच्याजवळ ना ती नजर, ना आकडा. निदान आकडा तरी ठेवा.

तिसरा दाखला रोगाचा, आणि तो थोडा दुरून आणतो. सन १८५४ मध्ये लंडन शहरात पटकीची साथ आली. डॉ. जॉन स्नो यांनी कोणत्या घरात किती माणसे दगावली याच्या खुणा नकाशावर केल्या. खुणा एका सार्वजनिक पाणी-पंपाभोवती दाटल्या होत्या, आणि पटकी पाण्यातून पसरते या त्यांच्या मताला त्यातून बळ मिळाले. आपल्या बागेतला डिंक्या रोगही जमिनीतून आणि पाण्यावाटेच पसरतो. बागेच्या नकाशावर डिंक्या दिसलेल्या झाडापाशी तांबडा ठिपका द्या. वर्षभराने पाहा. ठिपके विखुरलेले असतील तर गोष्ट निराळी. पण ते सखल ओळीत किंवा पाटाच्या वाटेवर रांगेने आले असतील, तर दुखणे कुठे आहे ते नकाशाच सांगेल. मग खोडाला बोर्डो मलम लावण्याबरोबरच चर काढून पाण्याचा निचरा केला पाहिजे, आणि पाणी खोडाला लागू नये म्हणून दुहेरी आळे केले पाहिजे, हे ध्यानात येते.

आता रीत. व्यापाऱ्यांची जुनी पद्धत आपल्याला ठाऊक आहे: रोजचा व्यवहार घडेल तसा कीर्दीत लिहायचा, आणि मग ज्याचा त्याच्या खात्यावर खतावणीत न्यायचा. बागेलाही हेच दोन भाग पुरतात. त्यांच्याआधी फक्त एक नकाशा हवा.

नकाशा चौकटीच्या वहीवर काढा. एक चौकट म्हणजे एक झाड. कागदावर विहीर, धुरा, रस्ता आणि उत्तर दिशा दाखवा. मोजणी नेहमी एकाच कोपऱ्यातून सुरू करा, आणि तो कोपरा नकाशावर लिहून ठेवा; नाहीतर बाप विहिरीकडून मोजतो, लेक रस्त्याकडून, आणि सातवी ओळ दोघांची दोन ठिकाणी येते. तुकड्यांना क, ख, ग अशी अक्षरे द्या. म्हणजे 'क ७/४' याचा अर्थ क तुकडा, सातवी ओळ, चौथे झाड. नवा तुकडा लागला की नवे अक्षर. जुने आकडे बदलायचे नाहीत. झाड मेले तर त्याचा क्रमांक मेला असे समजू नका. त्या जागी लावलेल्या रोपाला 'क ७/४ दुसरे' म्हणा आणि त्याची तारीख निराळी लिहा. बारा वर्षांच्या बागेत तीन वर्षांचे झाड फळ देत नाही म्हणून त्याला वांझ ठरवण्याचा अन्याय त्यामुळे टळतो.

प्रत्येक झाडाला पाटी लावावी का? चारशे पाट्या लावणे आणि सांभाळणे कठीण. प्रत्येक ओळीच्या तोंडाशी एक दगड रोवून त्यावर रंगाने आकडा घाला. पुढची झाडे मोजता येतात. मात्र धुऱ्यावरची निरनिराळ्या जातींची झाडे आणि नव्या जातीचे कलम बांधलेली फांदी यांना पाटी हवीच. उत्तर प्रदेशात मलिहाबादचे कलीमुल्ला खान यांनी एकाच आंब्यावर तीनशेहून अधिक जातींची कलमे केली. त्यांना २००८ साली पद्मश्री मिळाली. आपल्याकडे तीनशे नसली तरी तीन असतातच, आणि ती ओळखू येणे चांगले. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर खिळ्याने दाबून लिहिलेले अक्षर पावसात जात नाही. तार फांदीला सैल बांधा, खोडाला आवळू नका. फांदी जाड होते, तार होत नाही. ती सालीत रुतली की फांदी वाळते. दरवर्षी छाटणीच्या वेळी तार सैल करावी. पाटी पडली तरी नकाशा राहतो, म्हणून खरा आधार नकाशाचाच.

कीर्दीत दिवसाची एक ओळ पुरे. तारीख, काम, कोणता तुकडा, किती माल, किती खर्च. 'ख तुकडा, ताण सुरू.' 'क, पहिले पाणी.' 'सर्व खोडांना बोर्डो मलम: मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी दहा लिटर या मापाने.' औषध फवारले तर नाव, प्रमाण आणि तारीख हवीच. फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस गेले पाहिजेत ते त्यावरूनच मोजता येते. पाऊस पडला तर तोही लिहा. आडतीवरची पट्टी त्याच पानाला टाचून ठेवा.

खतावणीत दर झाडाला एक ओळ. क्रमांक, जात, लावल्याची तारीख, रोपवाटिका, खुंट रंगपूर लिंबाचा की जंबेरीचा. आणि पुढे वर्षावर्षाचे रकाने. त्यात बहार आंबे की मृग, आणि फळ 'भरपूर, मध्यम, कमी' एवढे लिहिले तरी चालेल. सगळ्या झाडांची फळे मोजत बसू नका. फार रकाने आखले की वही तिसऱ्या महिन्यात बंद पडते, हा सगळीकडचा अनुभव. रोपांची पावती मात्र जपून ठेवा. मोसंबीला खरे उत्पन्न पाचव्या-सहाव्या वर्षी सुरू होते. रोप हलके निघाले हे तेव्हा कळते, आणि तोवर ते कुठून आणले हे घरात कुणालाच आठवत नाही. डोळ्याच्या खाली खुंटावर फूट आली तर तीही लिहा आणि काढून टाका. ती वाढली की झाड मोसंबीचे राहत नाही.

नोंदीतून केवढे काम उभे राहते पाहा. पुण्याच्या गणेशखिंड बागेत डॉ. चीमा यांनी १९३६ साली आळंदी जातीच्या डाळिंबांतून एक झाड निवडले. त्याला नाव नव्हते, क्रमांक होता: जीबीजी-१. त्याच निवडीला पुढे १९७० साली 'गणेश' हे नाव मिळाले. आज महाराष्ट्रभर दिसणारा 'भगवा' याच गणेशच्या संकरातून आलेल्या पिढीतला. इतक्या झाडांतले नेमके कोणते चांगले हे वर्षानुवर्षे पाहून लिहिल्याखेरीज अशी निवड होत नाही. तुमच्या बागेतही असे एखादे झाड असेल. त्याची डोळाकाडी बदनापूरच्या मोसंबी संशोधन केंद्राच्या किंवा हिमायतबागेतल्या फळ संशोधन केंद्राच्या तज्ज्ञांना दाखवायची तर 'ते तिकडचे झाड' म्हणून भागत नाही. चार-पाच वर्षांचा आकडा लागतो.

शिक्षकमित्रांना एक विनंती. सरासरी, शेकडेवारी, प्रमाण, नकाशा हे सारे आपण फळ्यावर शिकवतोच. सहावी-सातवीच्या मुलांना घरच्या बागेचा नकाशा चौकटीच्या वहीवर काढायला सांगा, दहा झाडांची फळे मोजून सरासरी काढायला सांगा. ज्या घरात वडिलांना लिहिण्याचा कंटाळा आहे, तिथे लेक किंवा सून ही वही उत्तम चालवते, आणि बागेच्या व्यवहारात तिचे म्हणणे ऐकले जाऊ लागते, हा लाभ निराळाच.

हल्ली खिशात मोबाइल असतो. त्याचा उपयोग जरूर करा. महिनाअखेर वहीच्या पानांचे फोटो काढून घरातल्या दुसऱ्याच्या फोनवर पाठवा, म्हणजे वही भिजली तरी मजकूर राहील. झाडाचा फोटो काढाल तेव्हा क्रमांक लिहिलेला कागद शेजारी धरा. नुसत्या पानाचा फोटो सहा महिन्यांनी कुठल्या झाडाचा ते सांगत नाही. सातबारावरची फळबागेची नोंद आणि ई-पीक पाहणीही आपल्या नकाशाशी ताडून पाहा. फळपीक विम्याचे काम निघाले की तिथले क्षेत्र आणि झाडांची संख्या कामी येते.

सगळे एकदम होणार नाही. पहिल्या आठवड्यात नकाशा काढा आणि ओळींचे दगड रोवा. त्याच दिवशी कीर्दीची पहिली ओळ लिहा. खतावणी पुढच्या तोडणीच्या वेळी सुरू केली तरी हरकत नाही. आणि घरात जे वडीलधारे आहेत, ज्यांनी ही झाडे लावली, त्यांना बागेतून एकदा फिरवा आणि ते सांगतील ते लिहून घ्या: कोणते झाड कुठून आले, कोणती ओळ दुष्काळातून वाचली, पाइप कुठून पुरला आहे. हे आज फक्त त्यांनाच ठाऊक आहे.