नेतृत्वाचं वजन : ते येतं कुठून?

इंग्रजीत 'एक्झिक्युटिव्ह प्रेझेन्स' असा एक शब्द आहे. कंपन्यांच्या ट्रेनिंगमध्ये तो फार चालतो. आपल्या डोंगरकड्यात, कळमनुरी तालुक्यात, हा शब्द कुणी वापरत नाही, पण गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. "त्यांच्या शब्दाला वजन आहे" असं आपण म्हणतो ना, तेच हे.

वजन आणि दरारा यांत मात्र गल्लत करू नका. दरारा असलेला माणूस आला की लोक गप्प होतात. वजन असलेला आला की लोक ऐकायला लागतात. बाहेरून दोन्हीकडे शांतताच दिसते. फरक कळतो तो माणूस उठून गेल्यावर.

सिल्व्हिया ॲन ह्युलेट या अमेरिकेतल्या लेखिकेने २०१४ साली या विषयावर पुस्तक लिहिलं. तिने तीन भाग सांगितले : गांभीर्य, बोलणं आणि दिसणं. तिच्या पाहणीत ६७ टक्के वरिष्ठ अधिकाऱ्यांनी गांभीर्याला पहिला मान दिला, २८ टक्क्यांनी बोलण्याला, आणि दिसण्याला फक्त ५ टक्क्यांनी. आणि आपण पोरांना काय शिकवतो? टाय नीट बांध, इंग्रजी फाडफाड बोल. असो. गांभीर्य म्हणजे तोंड पाडून बसणं नव्हे. गडबड उडाली तरी ज्याचं डोकं ठिकाणावर राहतं आणि जो बोललेलं करून दाखवतो, त्याच्याकडे ते असतं.

आपल्या मराठवाड्यातलंच उदाहरण घ्या. नांदेडच्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे ते स्वामी रामानंद तीर्थ. मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर, जन्म ३ ऑक्टोबर १९०३, विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा. लक्षात घ्या, ते आधी शिक्षक होते. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि नंतर अंबाजोगाईला त्यांनी शिकवलं. संन्यासही घेतला. हाती सत्ता नाही, पैसा नाही. समोर निजामाचं राज्य. १९३८ च्या सत्याग्रहात ते तुरुंगात गेले. लोकांना तुरुंगात चला म्हणायचं आणि स्वतः घरी बसायचं, असं त्यांनी केलं नाही. वजन येतं ते असं.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. ऑगस्ट १९४७ मध्ये निजाम सरकारने त्यांना अटक केली. नोव्हेंबरअखेर सुटका झाली, पण जानेवारी १९४८ मध्ये पुन्हा अटक झाली, आणि ते सुटले ते पोलीस कारवाईनंतर, म्हणजे सप्टेंबर १९४८ मध्ये. त्यातला बहुतेक काळ नेता आत! तरी चळवळ थांबली नाही. दिगंबरराव बिंदू, गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्यांनी ती चालवली. सरहद्दीवर कॅम्प उभे राहिले, त्यातला एक आपल्या शेजारच्या उमरखेडचा. नेता समोर नसतानाही माणसं आपापलं काम करत होती. नेतृत्व मोजायचं तर मी तरी इथेच मोजीन.

आता आजच्या गावात या. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीत महिलांना ५० टक्के आरक्षण आहे. बाई सरपंच होते, पण कितीतरी गावांत खुर्चीवर तिचे मालक बसतात आणि सही तेवढी तिची. 'सरपंचपती' हा शब्दच बघा कसा रुळला! तिला बोलता येत नाही, असं लोक म्हणतात. हे मला पटत नाही. घरी, शेतात, बचत गटात तीच बाई हिशेब ठणकावून सांगते. सभेत ती अडते, कारण कागद तिच्या हातात आधी आलेलाच नसतो.

म्हणून सुरुवात कागदापासून करावी. ग्रामसभेच्या दोन दिवस आधी विषयपत्रिका आणि मागच्या सभेचं इतिवृत्त ग्रामपंचायत कार्यालयातून मागून घ्यायचं. वाचायचं, नाहीतर घरातल्या शाळकरी पोरीकडून वाचून घ्यायचं. सभेत आपल्या खुर्चीवर आपणच बसायचं. पहिलं वाक्य आपणच बोलायचं, मग ते "सभा सुरू करू" एवढंच का असेना. पुस्तकी मराठीची गरज नाही, आपली बोली चालते. कुणी ओरडून विचारलं, "नळाचं पाणी का येईना?", तर लगेच ओरडून उत्तर द्यायचं नाही. थोडं थांबायचं. प्रश्न आपल्या शब्दांत परत म्हणायचा : "तुमच्या गल्लीत आठ दिवसांपासून पाणी नाही, असंच ना?" समोरच्याचा निम्मा राग तिथंच उतरतो. उत्तर ठाऊक नसेल तर सरळ सांगायचं : "आत्ता माहीत नाही, सोमवारी मोटारीचं बघून सांगते."

आणि सोमवारी सांगायचंच. मोटार दुरुस्त झाली नसेल तरी त्या गल्लीत जाऊन, "अजून झाली नाही, बुधवारी मिस्त्री येणार," एवढं तरी. बहुतेक पुढारी इथंच घसरतात. पाणी नाही आलं हे लोक समजून घेतात, सांगायला कुणी आलं नाही हे विसरत नाहीत.

शाळेतही हे शिकवता येतं. २६ जानेवारीला पाठ केलेलं भाषण म्हणायला लावण्यापेक्षा, शालेय मंत्रिमंडळातल्या पोरीला पोषण आहाराच्या रांगेची जबाबदारी द्या. रांग का मोडते हे तिलाच शोधू द्या, आणि शनिवारी वर्गासमोर दोन मिनिटं सांगू द्या. मध्ये अडखळली तर गुरुजींनी वाक्य पुरं करायचं नाही. थांबायचं. तिचं तिला सापडू द्यायचं.