सदसद्विवेकबुद्धीवर हुकूम चालतो काय?

राजाचा अंमल प्रजेच्या देहावर आणि द्रव्यावर चालतो, हे सर्वांस ठाऊक आहे. तो प्रजेच्या सदसद्विवेकबुद्धीवरही चालावा काय, हा वाद इंग्लंडात सतराव्या शतकात विकोपास गेला, आणि त्याचा निकाल लावण्याच्या कामी क्वेकर या लहानशा पंथाचे लोक हजारोंनी तुरुंगात गेले. त्या लढ्यात धर्म जितका आहे तितकाच कायदाही आहे. म्हणून त्याची हकीकत आमच्या वाचकांपुढे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

विणकराचा मुलगा जॉर्ज फॉक्स (१६२४–१६९१) हा या पंथाचा प्रवर्तक. प्रत्येक माणसाच्या अंतःकरणात ईश्वराचा प्रकाश आहे, हे त्याच्या उपदेशाचे सार होय. हे एकदा मान्य केले की बाकीचे ओघानेच येते. प्रकाश सर्वांच्या ठायी आहे, तर मग पगारी धर्मगुरू कशास पाहिजे? सर्व माणसे सारखी, तर न्यायाधीशापुढे टोपी का काढावी, आणि थोरामोठ्यांस आदरार्थी बहुवचन व गरिबास ‘तू’ असा भेद का करावा? जो नित्य खरेच बोलतो त्याने शपथ तरी का घ्यावी? क्वेकर दुकानदार गिऱ्हाइकास मालाचा एकच भाव सांगे. त्याच न्यायाने त्याच्या जिभेवर सत्यही एकच असे.

सरकारास हे खपले नाही. १६६२ च्या कायद्याने क्वेकरांचे शपथ नाकारणे गुन्हा ठरले. १६६४ व १६७० च्या कायद्यांनी, घरच्या माणसांखेरीज पाच किंवा अधिक जणांनी जमून सरकारी धर्मपंथाबाहेरची उपासना करण्यास बंदी केली. त्यातही १६७० च्या कायद्याने दंडाचा तिसरा हिस्सा खबऱ्याच्या पदरात टाकला, तेव्हा चहाडी हा किफायतीचा धंदा झाला यात नवल नाही. शपथेची युक्ती तर याहूनही सोपी होती. कैद्यापुढे राजनिष्ठेची शपथ धरावयाची. तो ती घेणार नाही हे ठाऊकच. मग मालमत्ता जप्त आणि तुरुंगवास जन्माचा! मार्गारेट फेल या बाईस १६६४ साली लँकास्टर येथे हीच शिक्षा झाली. स्त्रियांसही धर्मोपदेशाचा अधिकार आहे, असे प्रतिपादन करणारे तिचे पुस्तक ती तुरुंगात असतानाच, १६६६ साली, छापून निघाले.

क्वेकरांचे पुष्कळसे वाङ्मय असे कोठडीत जन्मले आहे. विल्यम पेन याने ‘नो क्रॉस, नो क्राउन’ हा ग्रंथ लंडनच्या टॉवर किल्ल्यात कैदेत असताना लिहिला. याच पेनवर १६७० साली झालेला खटला कायद्याच्या इतिहासात अजरामर झाला आहे. १४ ऑगस्ट रोजी ग्रेसचर्च स्ट्रीटवरील प्रार्थनागृहास शिपायांनी कुलूप घातलेले पाहून पंचवीस वर्षांच्या पेनने रस्त्यावरच प्रवचन केले. त्याला व विल्यम मीड यास बेकायदा जमाव जमविल्याच्या आरोपावरून ओल्ड बेली न्यायालयात उभे करण्यात आले. प्रथम त्यांच्या डोक्यांवर हुकुमाने टोप्या चढविल्या आणि मग त्या काढल्या नाहीत म्हणून दंड केला! आपण कोणता कायदा मोडला तो दाखवा, एवढेच पेन पुन्हापुन्हा विचारीत होता. त्याला सरळ उत्तर मिळाले नाही.

ज्यूरीने निकाल दिला की, पेन ग्रेसचर्च स्ट्रीटवर बोलला एवढेच खरे. न्यायासनास हे रुचेना. बाराही जणांस अन्न, पाणी व विस्तव यांवाचून कोंडून ठेवण्यात आले. तरी शेवटी त्यांनी ‘निर्दोषी’ असाच निकाल दिला. तेव्हा ज्यूरीसच दंड झाला. एडवर्ड बुशेल व त्याचे काही सहकारी दंड न भरता तुरुंगात गेले आणि त्यांनी हेबिअस कॉर्पसचा अर्ज केला. त्यावर मुख्य न्यायाधीश जॉन व्हॉन यांनी असे ठरविले की, ज्यूरीने न्यायाधीशाच्याच डोळ्यांनी पाहावयाचे असेल तर ज्यूरीचे प्रयोजनच उरत नाही. सबब निकालाबद्दल तिला शिक्षा करता येत नाही. हे ज्यूरर शपथ घेऊन बसले होते, अर्थात ते क्वेकर नव्हते. दुसऱ्याच्या धर्मासाठी ते उपाशी राहिले, आणि त्याचे फळ मात्र साऱ्या राष्ट्रास मिळाले.

यावर कोणी म्हणेल की, ज्याने त्याने आपल्या मनाचा कौल मानू लागल्यास राज्य चालावे कसे? या शंकेचे समाधान रॉबर्ट बार्कले याने १६७६ साली लॅटिनमध्ये लिहिलेल्या समर्थनग्रंथात केले आहे. श्रद्धेवर दंडाधिकाऱ्याचा अधिकार नाही. परंतु श्रद्धेच्या नावाखाली शेजाऱ्याच्या जीवितास वा वित्तास अपाय करण्याची मुभाही कोणास नाही, ही त्याने घातलेली मर्यादा होय. शिवाय क्वेकरांनी उपासना उघड केली, शिक्षा उघड सोसली आणि हात कोणावरही उगारला नाही. यास बेबंदशाही म्हणता येत नाही.

परंतु स्वतःच्या पंथापुरते स्वातंत्र्य मागणे सोपे असते. इंग्लंडातील छळास कंटाळून मॅसॅच्युसेट्समध्ये गेलेल्या प्युरिटन लोकांनीच १६५९ ते १६६१ या काळात बोस्टन येथे चार क्वेकरांस फाशी दिले. मेरी डायर ही त्यांतलीच एक. खुद्द पेनच्या पेनसिल्व्हेनियात १६८२ साली एकेश्वरवादी सर्वांस उपासनेची मोकळीक मिळाली, पण अधिकाराच्या जागा ख्रिस्ती लोकांसाठीच राखल्या गेल्या. इंग्लंडातील १६८९ च्या सहिष्णुतेच्या कायद्यातून कॅथलिकांस वगळण्यात आले. क्वेकरांस शपथेऐवजी दृढकथन करण्याची सवलत मिळण्यास १६९६ साल उजाडावे लागले.

आपल्या राज्यघटनेचा २५ वा अनुच्छेद सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य सर्व व्यक्तींस देतो. आणि मंत्रिपद स्वीकारणाऱ्यास ईश्वरसाक्ष शपथ घ्यावी की गांभीर्यपूर्वक दृढकथन करावे, हे त्याच्याच मर्जीवर सोडलेले आहे. तथापि कलम कितीही चांगले असले तरी ते राखावयास माणसेच लागतात. ज्याचा देव आपणांस रुचत नाही, किंवा जो देवच मानीत नाही, अशा शेजाऱ्यावर उद्या बालंट आले, तर बुशेलच्या जागी बसून आपण कोणता निकाल देऊ? याचे उत्तर प्रत्येक वाचकाने आपल्या मनाशी आजच ठरवून ठेवावे.