स्लॉट मशीन: एका संध्याकाळची किंमत

स्लॉट मशीन हे पैसे लावून, बटण दाबून खेळायचे जुगाराचे यंत्र. त्याला पत्त्यांचे ज्ञान लागत नाही, समोर भिडू लागत नाही आणि एक डाव काही सेकंदांत संपतो. वर्षातून कधीतरी मौजेखातर कॅसिनोत पाऊल टाकणारा माणूस म्हणूनच बरेचदा आधी याच यंत्राकडे वळतो.

१८९०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोमध्ये चार्ल्स फे यांनी तीन चाकांचे ‘लिबर्टी बेल’ बनवले. प्रत्येक चाकावर दहा जागा, म्हणजे जुळण्या एकूण हजार. आजच्या यंत्राचा हिशेब असा बाहेरून मांडता येत नाही. बटण दाबताक्षणी आतला संगणक आकडा उचलतो आणि निकाल तिथेच लागतो. नंतर फिरणारी चित्रे तो फक्त दाखवतात. या पद्धतीचे अमेरिकी पेटंट १९८४ साली इंगे टेल्नेस यांना मिळाले. चाकावर २२ जागा दिसत असल्या तरी संगणक ६४ आकड्यांतून निवड करू शकतो. जॅकपॉटच्या चित्राला त्यांतला एकच आकडा दिला, तर तिन्ही चाकांवर ते जुळण्याची शक्यता १०,६४८ मध्ये एक नसून २,६२,१४४ मध्ये एक एवढी घटते. शिवाय त्या चित्राच्या वरच्या-खालच्या जागांना जास्त आकडे दिले, की जॅकपॉट सारखा ‘थोडक्यात हुकला’ असे वाटत राहते. पण थोडक्यात हुकलेल्या डावाने पुढच्या डावाची शक्यता तसूभरही वाढत नाही.

व्हिडिओ यंत्रांवर एकाच डावात अनेक ओळींवर पैसे लावता येतात. वीस रुपये लावून आठ परत आले, तरी दिवे लुकलुकतात आणि सूर वाजतात. अशा तोट्याच्या डावालाही खेळणाऱ्याचे शरीर जिंकल्यासारखाच प्रतिसाद देते, हे कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवले.

‘आणखी एकच डाव’ ही ओढ मात्र यंत्राहून फार जुनी आहे. दौलताबादहून घाट चढून खुलताबादमार्गे वेरूळला गेले, की १४, २१ आणि २९ क्रमांकांच्या लेण्यांत शिव-पार्वती फासे खेळताना कोरलेले दिसतात. हरलेला शिव उठू पाहणाऱ्या पार्वतीला आणखी एका डावासाठी थांबवतो आहे, असा अर्थ काही अभ्यासक लावतात. त्या खेळात फासे गोळा करावे लागतात, दुसऱ्याच्या खेळीची वाट पाहावी लागते, समोरचा उठून जाऊ शकतो. स्लॉट मशीनने हा सगळा उसंतीचा वेळ काढून टाकला आहे आणि त्याचा खरा धोका तिथेच आहे.

महाराष्ट्रात १९७६ साली कॅसिनोंचे नियंत्रण व कर यांसाठी कायदा झाला, पण तो कधीच अमलात आला नाही. २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे छत्रपती संभाजीनगरच्या पर्यटकाला कायदेशीर स्लॉट मशीन भेटते ते बहुधा गोव्यात. तिथे १९९२च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत ही यंत्रे चालवायला परवानगी मिळाली आणि १९९६ नंतर जहाजांवरच्या कॅसिनोंची वाट मोकळी झाली. पणजीजवळ मांडवीत अशी जहाजे नांगरलेली असतात. प्रवेशशुल्कातच बरेचदा जेवण, करमणुकीचा कार्यक्रम आणि खेळायच्या काही चिप येतात, म्हणून सहलीतली एक संध्याकाळ तिथे सहज काढली जाते. स्वतः गोमंतकीयांना मात्र फेब्रुवारी २०२० पासून कॅसिनोत प्रवेशबंदी आहे. पाहुण्यांसाठी उघडे ठेवलेले दार आपल्या माणसांसाठी बंद करावेसे सरकारला वाटले, ही गोष्ट पाहुण्यांनीही लक्षात घेण्याजोगी आहे.

या संध्याकाळची किंमत सिनेमाच्या तिकिटासारखी कुठे छापलेली नसते, पण ती काढता येते. दहा रुपयांचा डाव दर सहा सेकंदांनी खेळला, तर तासाला सहाशे डाव आणि सहा हजार रुपयांची उलाढाल होते. यंत्र सरासरी ९२ टक्के परत देत असेल, तर तासाचा सरासरी तोटा ४८० रुपये. प्रत्यक्षात एखादा तासाभरात दोन हजार हरतो, एखादा जिंकूनही उठतो, पण जितका जास्त खेळ तितका हिशेब या सरासरीकडे झुकतो. डावाची रक्कम किंवा वेग दुप्पट केला की तोटाही दुप्पट होतो. जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के दराने प्राप्तिकर लागतो आणि हरलेले पैसे त्यातून वजा करता येत नाहीत.

म्हणून मौजेसाठी जाणाऱ्याने गमावायची रक्कम घरूनच रोख ठरवून न्यावी, कार्ड खोलीवर ठेवावे, सर्वांत लहान डाव निवडावा आणि जेवणाच्या वेळेला उठावे. हरलेले भरून काढण्यासाठी पुन्हा जावेसे वाटू लागले, किंवा घरच्यांपासून रक्कम लपवली जाऊ लागली, तर ती मौज राहिलेली नसते. अशा वेळी केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनाशुल्क बोलता येते.