हौशी समुद्री मासेमारी : मासा ठेवावा, सोडावा की विकावा?
(वसई तालुक्यातील गिरीज परिसराच्या संदर्भात एक विवेचन)

प्रस्तावना

सागरी मासेमारीचा विचार करताना सामान्यतः नौका, जाळे आणि कोळी समाज या तीन गोष्टी डोळ्यांसमोर येतात. किनाऱ्यावर उभा राहून विरंगुळा म्हणून गळ टाकणारा माणूस या विचारात सहसा येत नाही. तथापि मुंबईलगतच्या वेगाने नागरीकरण झालेल्या पट्ट्यात अशा हौशी मासेमारांकडे दुर्लक्ष करून चालणारे नाही. वसई तालुक्यातील गिरीज हे त्या दृष्टीने लक्षणीय ठिकाण आहे. गिरीज ही प्रामुख्याने वाड्या-बागायतींची वस्ती. २००९ मध्ये स्थापन झालेल्या वसई-विरार महानगरपालिकेमुळे हा सारा परिसर शहराचा भाग बनला आणि २०१४ मध्ये तालुका नव्या पालघर जिल्ह्यात समाविष्ट झाला. गावाच्या पश्चिमेस अरबी समुद्र आहे, तर दक्षिणेस वसईचा किल्ला आणि त्याला लागून पाचूबंदर व किल्लाबंदर हे मच्छीमारांचे पाडे आहेत. म्हणजेच मासेमारी ज्यांची हौस आहे आणि मासेमारी ज्यांची भाकरी आहे, असे दोन वर्ग येथे एकाच पाण्याच्या काठी उभे आहेत. गळाला लागलेला मासा हौशी माणसाने घरी न्यावा, पाण्यात परत सोडावा की बाजारात विकावा, या प्रश्नाचा ऊहापोह प्रस्तुत लेखात करण्यात आला आहे.

हौशी मासेमारीची संकल्पना

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१२ मध्ये हौशी मासेमारीविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांतील व्याख्येनुसार, जी मासेमारी व्यक्तीच्या पोषणाची मूलभूत गरज भागविण्याचे मुख्य साधन नसते आणि जिच्यातून मिळालेले मासे सामान्यतः विकले जात नाहीत, ती हौशी मासेमारी होय. या व्याख्येतील दोन बाबी महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी की, हौस आणि व्यवसाय यांतील सीमारेषा साधनावर आखलेली नाही. गळ वापरला म्हणून मनुष्य हौशी ठरत नाही आणि जाळे वापरले म्हणून व्यावसायिक ठरत नाही. दुसरी अशी की, विक्रीचा अभाव हाच हौशी मासेमारीच्या व्याख्येचा एक घटक आहे. विक्री नियमितपणे सुरू झाली की तो माणूस हौशी राहत नाही. तो परवान्याविना व्यवसाय करणारा ठरतो.

हौशी मासेमारीचे प्रमाण क्षुल्लक आहे, असाही एक समज आढळतो. कुक आणि काउक्स या अभ्यासकांनी २००४ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार जगातील एकूण मत्स्य-उत्पादनात हौशी मासेमारीचा वाटा सुमारे १२ टक्के असू शकतो. एका गळाचा परिणाम नगण्य असला, तरी अनेक गळांचा परिणाम तसा नसतो.

विक्रीचा प्रश्न

महाराष्ट्रात सागरी मासेमारीचे नियमन महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ अन्वये होते. २०२१ मध्ये त्यात महत्त्वाच्या सुधारणा करण्यात आल्या. या अधिनियमाची मांडणी मुख्यतः नौकाकेंद्रित आहे. नौकेची नोंदणी, तिचा परवाना, जाळ्यांचे प्रकार, मासेमारीचे क्षेत्र आणि बंदीचा काळ हे त्याचे प्रमुख विषय होत. किनाऱ्यावर उभे राहून गळ टाकणारा माणूस या मांडणीत जवळजवळ अदृश्य राहतो. तो कायद्याच्या नजरेबाहेर असल्यामुळे त्याच्या वर्तनाचा प्रश्न प्रामुख्याने विवेकाचा बनतो.

कोळी कुटुंबाला नौकेची देखभाल, इंधन, बर्फ, जाळ्यांची दुरुस्ती, खलाशांचा वाटा आणि कर्जाचा हप्ता यांचा भार वाहावा लागतो. शिवाय १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना समुद्रात जाण्यास बंदी असते. अनेक जातींच्या माशांचा हा प्रजननकाळ असल्याने ही बंदी आवश्यकच आहे. नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात न जाण्याची जुनी रीतही याच शहाणपणाकडे निर्देश करते. मात्र याच काळात ताज्या मासळीचे भाव चढलेले असतात. अशा वेळी नोकरी सांभाळून गळ टाकणाऱ्या माणसाने आपली मासळी विक्रीस काढली, तर ज्याने बंदी पाळली त्याचे नुकसान होते आणि ज्याला कोणताही खर्च नाही त्याचा लाभ होतो.

याहून सूक्ष्म बाब बाजाराची आहे. कोळी समाजात मासे पकडणे हे पुरुषांचे, तर ते विकणे हे परंपरेने स्त्रियांचे काम राहिले आहे. टोपलीतील मासळीचा वाटा किती रुपयांना द्यायचा, हे कोळीण ठरवते आणि त्यावर घराचा संसार चालतो. हौशी माणूस जेव्हा ओळखीच्या लोकांना किंवा एखाद्या खानावळीला थेट मासा देतो, तेव्हा त्याला भावाची फारशी फिकीर नसते. मिळेल ती रक्कम त्याला वरकड असते. या स्वस्त विक्रीचा फटका नौकामालकाच्या आधी बाजारात बसलेल्या स्त्रीला बसतो.

विक्रीतील मोहही लक्षात घ्यावा लागतो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये पालघर तालुक्यातील मुरबे येथील मच्छीमारांच्या जाळ्यात सुमारे दीडशे घोळ मासे आले आणि त्यांना सव्वा कोटी रुपयांहून अधिक किंमत मिळाल्याचे वृत्त सर्वत्र गाजले. घोळ माशाच्या पोटातील हवेची पिशवी, म्हणजे बोत, परदेशी बाजारात अत्यंत महाग विकली जाते. अशा वार्तेनंतर गळ टाकणाऱ्याच्या मनात हौसेची जागा हिशेबाने घेणे स्वाभाविक आहे. घरी खाण्यासाठी मासे नेणाऱ्याला पोटाची मर्यादा असते. विकणाऱ्याला अशी मर्यादा नसते. विक्रीविरुद्धचा सर्वांत बळकट युक्तिवाद हाच आहे.

युरोपीय संघाने हा प्रश्न स्पष्ट शब्दांत सोडविला आहे. २००९ च्या मत्स्य-नियंत्रण नियमावलीतील ५५ व्या कलमानुसार हौशी मासेमारीतून मिळालेल्या सागरी माशांच्या विक्रीस मनाई आहे.

ठेवणे आणि सोडणे

विक्री अयोग्य मानली, तर प्रत्येक मासा परत सोडावा काय, असा प्रश्न उपस्थित होतो. काही पाश्चात्त्य देशांत पकडून सोडून देणे हाच आदर्श मानला जातो. परंतु याला दुसरी बाजूही आहे. स्वित्झर्लंडच्या २००८ च्या प्राणिसंरक्षण नियमांनुसार, सोडून देण्याच्याच हेतूने गळाने मासे पकडण्यास मनाई आहे. केवळ करमणुकीसाठी जिवाला वेदना देणे समर्थनीय नाही, ही त्यामागील भूमिका होय. मासा खाण्यासाठी धरावा, खेळण्यासाठी नव्हे, हा विचार येथील समाजमनालाही अधिक जवळचा वाटेल.

शिवाय सोडलेला प्रत्येक मासा जगतोच असे नाही. बार्थोलोम्यू आणि बोनसॅक यांनी २००५ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा सोडलेल्या माशांतील मृत्यूचे सरासरी प्रमाण सुमारे १८ टक्के आढळले. गळ ओठात अडकला असेल तर मासा वाचण्याची शक्यता अधिक. घशात वा पोटात गेला असेल तर ती फार कमी. पाण्याबाहेर घालविलेला वेळ, कोरड्या हातांनी घासली गेलेली त्वचा आणि उन्हाळ्यातील तापलेले पाणी यांमुळेही मृत्यू ओढवतो.

तरीही काही मासे सोडणे अगत्याचे आहे. लहान मासा एकदाही अंडी न घालता संपला, तर पुढील पिढीच खुंटते. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान कायदेशीर आकार निश्चित केला, तो याच कारणास्तव. त्यानुसार पापलेटसाठी १३५ मिलिमीटर व बोंबिलासाठी १८० मिलिमीटर ही मर्यादा आहे. केरळने असे पाऊल २०१५ मध्येच उचलले होते. पापलेट आणि बोंबील प्रामुख्याने जाळ्यात येतात, गळाला क्वचितच. परंतु मोजून ठेवण्याचे तत्त्व गळालाही तितकेच लागू पडते.

अतिशय मोठ्या माशाबाबतही सावधगिरी आवश्यक आहे. खाडीत व किनाऱ्यालगत मिळणारा जिताडा याचे बोलके उदाहरण आहे. हा मासा आयुष्याच्या पूर्वार्धात नर असतो आणि काही वर्षांनी मादीत रूपांतरित होतो. परिणामी मोठ्या आकाराचे जिताडे बहुतांशी माद्या असतात. छायाचित्रासाठी मिरविला जाणारा सर्वांत मोठा मासा हा अनेकदा लक्षावधी अंडी घालणारी मादी असतो. लहान आणि फार मोठा मासा सोडून मध्यम आकाराचा मासा ठेवणे, हे म्हणूनच जैविक दृष्ट्या अधिक सयुक्तिक ठरते.

सीमारेषा कोठे आखावी?

येथे एक आक्षेप विचारात घेणे आवश्यक आहे. विक्रीवर सरसकट निर्बंध घातल्यास त्याचा पहिला आघात कोणावर होईल? किनाऱ्यावर गळ टाकणारा प्रत्येक जण सुटी घालवायला आलेला नसतो. ज्याच्याकडे नौका नाही, ज्याचे वय झाले आहे, किंवा मजुरी नसलेल्या दिवशी जो गळ, पाग वा चिंबोऱ्यांच्या फासावर संध्याकाळचे जेवण मिळवतो, तोही तेथेच उभा असतो. त्याने चार मासे विकून मीठ-तांदूळ आणले, तर ती हौस नसून उपजीविका आहे. साधनावरून नियम केला, तर हा माणूस गुन्हेगार ठरेल आणि महागडे रॉड-रीळ घेऊन आलेला मनुष्य खासगी ओळखीतून विक्री करीत राहील. म्हणून कसोटी साधनाची नसावी, गरजेची असावी. ज्याचे पोट दुसऱ्या उत्पन्नावर भरते, त्याने विक्रीपासून दूर राहावे, एवढाच या विवेचनाचा आग्रह आहे.

गिरीजसारख्या ठिकाणी हे फारसे कठीण नाही. जास्त मासे मिळाले तर शेजारी व आप्तेष्टांना देण्याची रीत गावांत जुनीच आहे. असे देणे म्हणजे विक्री नव्हे. मात्र वाटण्यासाठी म्हणून मर्यादेबाहेर पकडणेही योग्य नव्हे. घराला एका वेळी लागेल तेवढे मिळाले की गळ आवरावा. पावसाळी बंदीच्या काळात हौशी माणसानेही स्वेच्छेने संयम पाळावा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित असलेला करवत मासा किंवा अन्य जीव गळाला लागल्यास तो तत्काळ सोडावा. उलट्या काट्याविना असलेला गळ वापरल्यास सोडलेला मासा जगण्याची शक्यता वाढते.

समारोप

मासा ठेवावा की विकावा, हा प्रश्न वरवर एका व्यक्तीच्या टोपलीपुरता दिसतो. प्रत्यक्षात समुद्रावर पहिला अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्यामागे उभा आहे. हौशी मासेमाराला समुद्राकडून विरंगुळा आणि ताटातील एक घास मिळतो. तेवढ्यावर त्याचा हक्क मान्य करण्यास हरकत नाही. बाजार मात्र त्यांच्यासाठी राखला जावा, ज्यांना बाजाराशिवाय दुसरा आधार नाही. खाण्यापुरते ठेवणे, लहान व फार मोठे सोडणे आणि विक्री टाळणे, ही त्रिसूत्री पाळली गेली, तर गिरीजचा हौशी मासेमार आणि पाचूबंदरचे कोळी कुटुंब यांना एकच समुद्र पुरेल.