ओतकामाचा दिवस

पहाटे ५
कोल्हापुरातल्या आमच्या कारखान्यात आज शिवाजी महाराजांच्या घोड्याचा मागचा डावा पाय ओतायचा आहे. पुतळा अश्वारूढ, जाणार कोकण किनाऱ्यावर. घोड्याचा पुढचा एक पाय उचललेला, त्यामुळे भार उरलेल्या तिन्ही पायांवर. विटांची भुकटी आणि प्लास्टरचा साचा भट्टीत तापून आतलं मेण वाहून, जळून गेलंय. साच्यात ओल राहिली तर धातू उसळतो, म्हणून ही तपासणी माझी मी करतो.

सकाळी ७
मूस भट्टीत चढली. ८५ भाग तांबं. कथील, जस्त, शिसं प्रत्येकी ५. जस्त शेवटी टाकायचं, नाहीतर धूर होऊन उडून जातं.

९
पायरोमीटरवर ११५० अंश. मळी बाजूला सारली आणि धार सोडली. धार मध्येच तुटली की पहिला धातू थिजतो, दुसरा त्याला धरत नाही. वरच्या नळ्यांतून लाल धातू डोकावला, तेव्हा हात थांबले.

११
चेहऱ्याचं छिन्नीकाम. कला संचालनालयाने मातीचं मॉडेल मंजूर केलंय. धातूत तेच उतरलं पाहिजे. डाव्या भुवईखाली कानस दोनदा जास्त फिरली तरी नजर बदलते. इथे कारागीर बोलत नाहीत.

दुपारी २
सांगाडा. घोड्याच्या पायांतून स्टेनलेस स्टीलचे खांब चौथऱ्यात उतरणार. साधं लोखंड खाऱ्या, दमट हवेत कांस्याला चिकटून राहिलं की झपाट्याने गंजतं. पोटाशी पाणी निघायला भोकं ठेवली. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा महाराजांचा पुतळा डिसेंबर २०२३ मध्ये उभा राहिला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळला. ते दृश्य महाराष्ट्राच्या जिव्हारी लागलं. महाराजांचा मान पुतळ्याच्या उंचीत मोजायचा नसतो. लोकांना कधीच न दिसणाऱ्या या सांध्यांत तो सांभाळायचा असतो.

४
साचा फोडला. खूर सुरेख, शिरा स्पष्ट. पण घोट्याच्या वर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं, दाटीने. वेल्डिंगने बुजवून वर रंग चढवला तर कुणाच्या नजरेला येणार नाही. पण बाहेरून पाणी शिरणार ते इथूनच, आणि आत खांब आहे. पाय बाद केला.

६
पुतळा समितीची मंडळी आली. ‘शिवजयंतीला बसतील ना महाराज?’ मी त्यांना ती छिद्रं दाखवली, आणि तारीख हुकेल हे स्पष्ट सांगितलं. पुण्यात नानासाहेब करमरकरांनी घडवलेले अश्वारूढ महाराज १९२८ पासून उभे आहेत; माझगाव गोदीत ओतलेलं ते काम आजही आमचा धडा आहे. समितीतले आबा म्हणाले, ‘तारीख आम्ही बघतो. पाय भक्कम होऊ द्या.’

७
रजिस्टरमध्ये पाय बाद केल्याचं कारण लिहिलं. रबरी साचा शाबूत आहे, त्यात उद्या सकाळी नवं मेण भरायचं. बाद पायाचे तुकडे करून भंगारात वेगळे ठेवले.