भवानी होते तेव्हा नेमकं काय होतं?

सकाळी लवकर मंडईत गेलात तर एक गोष्ट हमखास दिसेल. भाजीवाली मावशी पहिल्या गिऱ्हाइकाची नोट लगेच पिशवीत टाकत नाही. आधी ती तराजूला लावते, मग कपाळाला, आणि मगच बाजूला ठेवते. भवानी झाली! विकली गेलेली असते दहा रुपयांची कोथिंबीर. दुपारी तशीच नोट आली की ती न बघता खाली सरकवली जाते. मग सकाळच्या नोटेत असं काय आहे? ज्या शब्दाने आपण तुळजापूरच्या आईला हाक मारतो, तोच शब्द दिवसातल्या पहिल्या विक्रीला का?

मला वाटतं, पिढ्यान्पिढ्या बाजारात बसलेल्या माणसांना एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. शंभरावी विक्री हा हिशेब असतो. पहिली विक्री हा चमत्कार असतो. कारण त्या क्षणी दोन अनोळखी माणसांच्या मनातल्या दोन शंका एकदमच विरघळतात. घेणाऱ्याच्या मनात असतं, ‘फसलो तर?’ विकणाऱ्याच्या मनात असतं, ‘कुणी घेतलंच नाही तर?’ या दोन्ही शंका आतून अगदी सारख्या असतात, आणि हे समजायला आपल्याकडे एक अफलातून गोष्ट आहे. एका नांगराची.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं बेळगाव. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला. त्याचा मोठेपणा कळायला आधी लाकडी नांगर बघावा लागेल. लाकडी नांगर जमीन चिरत जातो. तास पडतं, पण माती जिथल्या तिथेच राहते. लोखंडी नांगराच्या फाळामागे मात्र एक वळवलेला पत्रा असतो. माती त्यावर चढते, वळते आणि पालथी पडते. तव्यावरची भाकरी उलथावी तशी! खालची माती वर येते, वरचं तण खाली गाडलं जातं, आणि हरळीची ती चिवट मुळं उन्हात उघडी पडतात. काळ्या जमिनीत हरळीशी झुंजलेल्या माणसाला विचारा, ही केवढी मोठी गोष्ट आहे.

असा नांगर. मग तो किती दिवसांत खपला असेल?

पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली.

दोन वर्षं! दुकानात माल तयार, माल चोख, बनवणारा प्रामाणिक, आणि गिऱ्हाईक नाही. शेतकरी म्हणत, लोखंडाने जमिनीत विष भिनेल. आज हे वाचून हसू येईल. पण जरा थांबा, खरी गंमत पुढे आहे. शेतकऱ्याच्या जुन्या लाकडी नांगराची हळस लाकडाची, रुमणं लाकडाचं. पण मातीत घुसणाऱ्या टोकाला काय होतं? फाळ. लोखंडाचा फाळ! म्हणजे लोखंड त्या जमिनीत कित्येक पिढ्या फिरतच होतं आणि जमीन काही विषारी झालेली नव्हती.

मग ‘विष भिनेल’ याचा अर्थ काय? माझ्या मते ते कारण नव्हतंच. तो शंकेने अंगावर घेतलेला कपडा होता. आतलं बोलणं वेगळं होतं. ‘साहेब, माझ्याकडे वर्षाला एकच हंगाम आहे. तुमचं म्हणणं खरं निघालं तर चार पोती जास्त. खोटं निघालं तर वर्षभर पोरं काय खातील?’ हे कुणी तोंडाने सांगत नाही. आपण तरी सांगतो का? आपणही ‘घरी विचारून सांगतो’ म्हणतो, ‘सध्या नको’ म्हणतो.

या मनातल्या तराजूचं वजन पुढे खरोखरच मोजलं गेलं. डॅनियल काहनमन आणि एमॉस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली त्याचा सिद्धांत मांडला. तुम्ही स्वतःवरच करून बघा. मी नाणं उडवतो. काटा पडला तर तुम्ही मला शंभर रुपये द्यायचे. छापा पडला तर मी किती दिले म्हणजे तुम्ही खेळाल? शंभर? बहुतेकांना ते पुरत नाहीत. माणसं साधारण दोनशेच्या आसपास राजी होतात. म्हणजे गमावलेला रुपया मिळवलेल्या रुपयाच्या जवळजवळ दुप्पट जड लागतो. आता तो नांगर पुन्हा बघा. तो नुसता चांगला असून भागणारच नव्हतं.

इथेच विक्रीच्या कसबातला पहिला मोठा उलगडा होतो. आपल्याला वाटतं, विकणारा म्हणजे गोडबोल्या. समोरच्याची शंका वाद घालून जिंकायची, फायद्याचं पारडं भरत राहायचं. पण तोट्याचा रुपया दुप्पट जड असेल तर शहाणपण कशात? तोट्याचं पारडं हलकं करण्यात!

आणि हे कोणत्या महाविद्यालयात शिकवतात? रस्त्याच्या कडेला, उन्हाळ्यात, कलिंगडाच्या ढिगापाशी. ‘लाल निघेल का हो?’ असं तुम्ही विचारता. कलिंगडवाला व्याख्यान देत नाही. सुरीच्या तीन फटक्यांत तो त्रिकोणी फोड काढतो आणि तुमच्यासमोर धरतो. लालभडक! वाद संपला. त्या फोडीत अख्खा अर्थशास्त्राचा धडा बसलाय. तुमची सगळी जोखीम त्याने बोटभर फोडीएवढी करून टाकली आणि तीही स्वतःच्या अंगावर घेतली.

अमेरिकेत सायरस मॅककॉर्मिक यांनी हेच कापणी यंत्राच्या बाबतीत केलं. १८३१ साली त्यांनी व्हर्जिनियात घोड्यांनी ओढायचं कापणी यंत्र लोकांसमोर चालवून दाखवलं. विक्री सुरू व्हायला किती काळ गेला? जवळजवळ दहा वर्षं. बेळगावची दोन वर्षं आता कमीच वाटतात, नाही? पुढे त्यांनी यंत्राबरोबर लेखी हमी द्यायला सुरुवात केली. थोडे पैसे आधी, बाकीचे पीक हाती आल्यावर. शिवणयंत्राच्या सिंगर कंपनीने १८५६ साली हप्त्याची पद्धत आणली. पाच डॉलर द्या, यंत्र घरी न्या, उरलेले महिन्या-महिन्याने. आदल्या वर्षी त्यांची ८८३ यंत्रं खपली होती. त्या वर्षी खपली २,५६४. तेच यंत्र, तीच सुई, तोच दोरा. बदलला होता फक्त भीतीचा आकार.

पण फोड कापून दाखवल्यावरही एक कोडं उरतं. माणूस विश्वास नेमका कुणावर ठेवतो?

हे कोडं सुटलं मक्याच्या शेतात. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात १९२८ च्या सुमाराला मक्याचं संकरित बियाणं आलं. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या संशोधकांनी तिथल्या २५९ शेतकऱ्यांना भेटून एकेकाला विचारलं की बियाण्याबद्दल पहिल्यांदा कधी ऐकलं, पेरलं कधी आणि कुणामुळे. १९४३ साली त्यांचा अभ्यास छापून आला. १९४१ पर्यंत दोघे सोडून सगळे नव्या बियाण्यावर आले होते. पण ऐकण्यापासून पेरण्यापर्यंत बहुतेकांची कित्येक वर्षं गेली होती. शिवाय पहिल्याच वर्षी कुणी सगळं रान त्याच्या हवाली केलं नव्हतं. आधी एका तुकड्यात पेरून बघितलं. पुन्हा तीच फोड!

त्याहून सुंदर भाग असा की बियाण्याची बातमी बहुतेकांना विक्रेत्याकडून कळली होती. मन मात्र शेजाऱ्यामुळे वळलं होतं. विक्रेता आणतो ती खबर. बांधापलीकडचं पीक देतं ती खात्री. याच आयोवातल्या एका शेतकऱ्याने संकरित मका ठामपणे नाकारला होता. १९३६ च्या दुष्काळात त्याचा मका कोमेजून गेला आणि शेजारचा ताठ उभा राहिला. मग तो वळला. त्याचा मुलगा एव्हरेट रॉजर्स पुढे मोठा संशोधक झाला, आणि नवी गोष्ट समाजात कशी पसरते यावर १९६२ साली त्याने लिहिलेलं पुस्तक जगभर अभ्यासलं गेलं. बापाच्या एका ‘नको’मधून मुलाचं आयुष्यभराचं कुतूहल उगवलं, हे मला फार हृद्य वाटतं.

म्हणून पहिलं गिऱ्हाईक हे नुसतं गिऱ्हाईक नसतं. ते दुसऱ्याचा शेजारी असतं. नोट कपाळाला लावण्यात किती अर्थ आहे बघा.

आता बोलण्याच्या कसबाकडे येऊ. ‘मला बोलता येत नाही, मला विक्री जमायची नाही,’ असं म्हणणाऱ्यांसाठी ही फार दिलाशाची बातमी आहे. नील रॅकहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा वर्षं जवळजवळ ३५,००० विक्री-भेटींचं निरीक्षण केलं. विकणारा काय बोलतो, घेणारा काय बोलतो, सगळं टिपलं. १९८८ साली निष्कर्ष पुस्तकरूपाने आले. मोठे सौदे ज्यांना जमत होते ते जास्त बोलत नव्हते. ते विचारत होते! अडचण काय आहे, तिच्यामुळे आणखी काय काय अडतं, ती सुटली तर काय होईल, असं ते विचारत. जास्त बोलत होतं गिऱ्हाईक. उलट, ‘घेताय ना? बांधू ना?’ असा लकडा लावणाऱ्यांचे मोठे सौदे हातातून निसटत होते.

चांगल्या साडीच्या दुकानात गादीवर बसलेला मुरलेला माणूस बघा. तो पहिल्यांदा काय म्हणतो? ‘कार्य घरचंच का, ताई? स्वतःला की द्यायला?’ दोन वाक्यांत त्याला साडीचा पोत, रंग आणि किमतीचा पल्ला कळलेला असतो. मग घडी उलगडते. त्याने साडी विकायच्या आधी तुमचं लग्नघर समजून घेतलं!

गिऱ्हाइकाच्या शंकेचा उलगडा झाला. पण जो अजून दुकानच उघडत नाहीये त्याच्या शंकेचं काय? ‘लोक नाही म्हणतील.’ ही भीती कितपत खरी असते?

तीही मोजली गेली आहे. फ्रान्सिस फ्लिन आणि व्हनेसा लेक यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांना एक काम दिलं. अनोळखी लोकांना गाठून पाच जणांकडून एक प्रश्नावली भरून घ्यायची. निघण्यापूर्वी अंदाज विचारला की पाच होकारांसाठी कितीजणांना विचारावं लागेल. उत्तर आलं, साधारण वीस. प्रत्यक्षात लागले साधारण दहा! म्हणजे मनातल्या मनात आपण जगाचे ‘नाही’ भरमसाट फुगवतो. कारण विचारायला निघालेला माणूस फक्त आपली धडधड ऐकतो. समोरच्यालाही ‘नाही’ म्हणणं किती अवघड जातं, हे त्याच्या लक्षातच येत नाही. प्रश्नावली फुकट होती, माल विकत घ्यायचा असतो, हा फरक खराच. तरीही मनाचा काटा कुठल्या बाजूला झुकलेला असतो ते यातून स्पष्ट दिसतं.

मग तोच तोट्याचा दुप्पट जड रुपया इथेही असेल, तर त्यावरचा उपायही तोच का नसावा? स्वतःसाठीच कलिंगडाची फोड कापून बघितली तर?

किर्लोस्करांनी नेमकं तेच केलं होतं. नांगराच्या कितीतरी आधी, १८८८ साली, बेळगावात त्यांचं सायकलचं दुकान सुरू झालं. लक्ष्मणराव तेव्हा मुंबईत होते. चित्रकला शिकायला ते जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले होते; रंगांधळेपणामुळे रंग सोडून यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि पुढे तोच विषय शिकवू लागले. सायकली ते मुंबईहून पाठवत आणि भाऊ रामूअण्णा त्या बेळगावात विकत, लोकांना चालवायलाही शिकवत. एवढ्याशा फोडीवरून दोघा भावांनी धंदा चाखून बघितला. १९१० साली औंध संस्थानाच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या, निवडुंगाने भरलेल्या माळावर कारखाना उभा राहिला, तोवर चाखण्याला वीसेक वर्षं होऊन गेली होती. तिथलं कुंडल रोड स्टेशन आता नकाशात शोधाल तर किर्लोस्करवाडी या नावाने सापडेल.

आणि सगळ्यात लहान फोड? ती कापली गेली गिरगावात. १५ मार्च १९५९, इमारतीची गच्ची, सात बायका, आणि छगनलाल करमसी पारेख यांच्याकडून उसने घेतलेले ८० रुपये. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटं तयार झाली आणि भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्याकडे गेली. चार पाकिटं! फसलं असतं तर काय गेलं असतं? थोडं उडदाचं पीठ आणि एक दुपार. त्यांनी आपली भीती लाटून लाटून पापडाएवढी पातळ केली होती. पहिल्या वर्षाची विक्री झाली ६,१९६ रुपयांची. तेच पापड पुढे लिज्जत झाले.

त्या गच्चीवर एखाद्या शंकेखोराने मार्चच्या कडक उन्हात विचारलं असतं, ‘पण पावसाळ्यात पापड वाळवणार कुठे?’ तर उत्तर कुणाकडेच नसतं. ते नव्हतंच. पहिल्या पावसाळ्यात चार महिने काम बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट घेतली आणि एक स्टोव्ह घेतला. बाहेर मुंबईचा पाऊस कोसळत होता, आणि आत खाटेवर पापड पसरलेले, खाटेखाली स्टोव्ह पेटलेला!