हळदीचे पेटंट आणि आपले तरुण वैद्य

धोरणे दिल्लीत ठरतात, त्यात कळव्याच्या नवपदवीधर वैद्याने काय भर घालावी, असा प्रश्न सहव्यावसायिक नेहमी करतात. त्यांनी हळदीचे प्रकरण आठवावे.

जखम भरून आणण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले. आपल्या आजीला ठाऊक असलेली गोष्ट तेथे नवी ठरली, कारण तपासनिसापुढे लेखी पुरावा नव्हता. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने ३२ लिखित संदर्भ शोधून काढले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. पुढे २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल ग्रंथालय उभे राहू लागले. ग्रंथांतील एकेका योगातील द्रव्ये, कल्पना व रोगाधिकार तपासनिसाला उमगतील अशा वर्गीकरणात बसवायचे, हे काम संगणकतज्ज्ञ व पेटंट परीक्षकांच्या जोडीने आयुर्वेदाच्या पदवीधरांनी केले. श्लोकाचा अर्थ लावणे त्यांच्यावाचून कोणाला जमणार होते? २००९ मध्ये युरोपीय पेटंट कार्यालयाने या ग्रंथालयाचा वापर करण्याचा करार केला. मे २०२४ मध्ये जिनिव्हा येथे संमत झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात तर, शोध जैविक संपत्तीवर वा तत्संबंधी पारंपरिक ज्ञानावर आधारलेला असल्यास अर्जदाराने त्याचा उगम सांगावा, अशी तरतूद आली.

आता घरची गोष्ट. जैविक विविधता कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये संसदेत मांडले गेले. संयुक्त समितीने लेखी सूचना मागविल्या. प्रस्तुत लेखकाने ते निवेदन वाचले, उद्या लिहू म्हणून बाजूस ठेवले आणि मुदत टळली. खरे सांगायचे तर लिहिण्याजोगे हाती काहीच नव्हते. वर्षभरात गुग्गुळ किती किलो घेतला, तो कोठून आला, याची नोंद कोणी ठेवली होती?

फार्मसीचालकांना विनंती आहे. द्रव्यगुण विषयाचा एखादा तरुण स्नातकोत्तर विद्यार्थी आठवड्यातून एक दिवस आपल्या कोठारात बसू द्यावा. अशोकसालीत रस्त्याकडेच्या सरळसोट खोट्या अशोकाची साल मिसळते, हे सर्वश्रुत आहे. परंतु कोणत्या खेपेत व किती, हे कागदावर नाही. त्याने प्रत्येक खेपेचे वजन, भाव व उगम लिहावा, नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. औषध नियमांतील बदलांचे मसुदे राजपत्रात येतात, हरकतींसाठी मुदत असते. त्या वेळी या नोंदी स्वाक्षरीनिशी पाठविता येतील. मालाची निंदा होईल ही भीती असल्यास पुरवठादाराचे नाव वगळावे, वजन मात्र वगळू नये.